सड्यावरच्या वायतुऱ्यासाठी ग्रामसभेचा ठराव: आमच्या गावात काय काय करावं लागलं

गावाचं नाव लिहीत नाही, मुद्दाम. सातारा जिल्हा, कोयनेच्या बाजूचे डोंगर, एवढंच सांगते. वायतुऱ्याला, म्हणजे डबक्यात उगवणाऱ्या या पाणवनस्पतीला, कंद असतो आणि याच कुळातल्या दुसऱ्या जातींचे कंद मत्स्यालयात लावायला जगभर विकले जातात, त्यामुळे कुठल्या सड्यावरच्या (सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचा सपाट कातळ) कुठल्या डबक्यात तो आहे हे सगळ्यांसमोर लिहून ठेवणं मला पटत नाही. याच गोष्टीवरून पुढे कागदपत्रांतही बराच घोळ झाला, तो येईलच.

ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी आधी झाडाबद्दल. शास्त्रीय नाव अपोनोजेटॉन सातारेन्सिस, विज्ञानाला माहीत होऊन फार दिवस नाही झाले, 1980 च्या दशकात त्याचं वर्णन प्रसिद्ध झालं. जांभ्या दगडाच्या सड्यावर पावसाळ्यात उथळ डबकी साठतात, घोट्याएवढं पाणी आणि तळाला जेमतेम बोटभर माती, तेवढ्यात हा उगवतो, लांब देठाची पानं आणि पाण्याच्या वर आलेला दोन फाट्यांचा तुरा. नर झाड वेगळं, मादी झाड वेगळं. पाऊस गेला की डबकं आटतं, पानं कुजून जातात आणि कंद मातीत पडून राहतो तो थेट पुढच्या जूनपर्यंत. साताऱ्याच्या आणि आजूबाजूच्या मोजक्या सड्यांवर आहे, कास, चाळकेवाडी अशा ठिकाणी, बाकी जगात कुठेच नाही. ज्या झाडाचं सगळं जग म्हणजे डोंगरमाथ्यावरची थोडी डबकी, त्याच्या एका डबक्यात जेसीबी फिरला तर काय होईल ते वेगळं सांगायला नको.

आणि जेसीबी येणारच होता. 2019 साली राज्यात 33 कोटी वृक्षलागवडीची मोहीम होती, प्रत्येक गावाला टार्गेट, आणि आमच्या गावात रिकामी जागा म्हणून सगळ्यांच्या डोळ्यासमोर सडाच आला. सातबाऱ्यावर तिथे पोटखराबा लिहिलंय, पीक येत नाही, झाड नाही, मग लावा की झाडं. कुणाच्या मनात वाईट काही नव्हतं हे मी आधीच सांगते. पण सड्यावर खड्डे मारायचे म्हणजे जिथे माती आहे तिथेच मारणार ना, आणि माती असते ती डबक्यांत आणि डबक्यांच्या कडेला. मी हायस्कूलला विज्ञान शिकवते, मुलांना घेऊन दर पावसाळ्यात सड्यावर जाते, गेंद, सीतेची आसवं, दवबिंदू अशी तिथली रानझाडं सगळी दाखवते, त्यामुळे ऐकल्या ऐकल्या मी सरपंचांच्या घरी गेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाई, तुमचं बरोबर असंल, पण वरनं टार्गेट हाय. ह्या झाडाला कायद्याचं संरक्षण हाय असा एक कागद दाखवा, मी उद्या खड्डं थांबवतो."

प्रश्न एकदम योग्य होता. मला वाटलं एवढं दुर्मिळ झाड, कागद असणारच.

नव्हता. हे बऱ्याच जणांना माहीत नसतं म्हणून नीट लिहिते. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेच्या रेड लिस्टमध्ये एखादी वनस्पती संकटग्रस्त म्हणून असली म्हणजे तिला कायद्याचं संरक्षण मिळालं असं नसतं, ती शास्त्रज्ञांनी केलेली नोंद आहे, तिच्या आधारावर तलाठी काही थांबवू शकत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा, त्यात वनस्पतींसाठी वेगळं परिशिष्ट आहे, पण त्यावेळी त्या यादीत सगळ्या देशातून मिळून सहाच नोंदी होत्या, घटपर्णी, कुठ, निळा वांडा, लाल वांडा, बेडोमचं सायकस आणि लेडीज स्लिपर ऑर्किड. आमच्या सड्यावरचं एकही नाही. (2022 च्या दुरुस्तीत यादी वाढली, नीलकुरिंजी वगैरे आली, पण ते नंतर.) वाघ कुठेही गेला, अगदी तुमच्या उसात जरी बसला, तरी कायदा त्याच्या मागे मागे जातो. झाडाचं तसं नाही. यादीत नसलेलं झाड ज्याच्या जमिनीत उगवलं त्याचं, त्याने उपटलं तर उपटलं. जमीन वनखात्याची असती तर वेगळं, पण आमचा सडा अर्धा गायरान आणि अर्धा खाजगी.

जिल्ह्याच्या गावी एका कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापिका आहेत, पुढे मॅडम म्हटलंय त्या ह्याच, त्यांच्याकडे गेले. त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितलं की झाडाच्या मागे लागू नका, जागेच्या मागे लागा. 2002 च्या जैवविविधता कायद्यात कलम 38 आहे, त्यात नष्ट होण्याच्या मार्गावरच्या जाती केंद्र सरकार अधिसूचित करू शकतं, पण एका गावाने उठून ते करून घेणं म्हणजे फार लांबचा रस्ता. त्याच कायद्यात कलम 37 आहे, जैवविविधता वारसा स्थळ, ते राज्य सरकार स्थानिक संस्थांशी सल्लामसलत करून जाहीर करतं आणि त्याचा प्रस्ताव गावाकडून जाऊ शकतो. गडचिरोलीत आलापल्लीचं जंगल 2014 ला असं जाहीर झालंय. पुढे सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यात बांबर्डे इथली मायरिस्टिकाची (रानजायफळाच्या झाडांची) दलदल पण झाली, ती जागा 2.59 हेक्टर फक्त, देवराई म्हणून लोकांनी राखलेली. अडीच हेक्टरला सरकारी राजपत्रात जागा मिळते हे वाचून मला जो धीर आला तो शब्दांत सांगता येणार नाही, कारण आमची डबकी मिळून तेवढी पण भरत नाहीत.

आता प्रस्ताव गावाकडून म्हणजे कुणाकडून, तर जैवविविधता व्यवस्थापन समितीकडून. कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत ती पाहिजे. ग्रामसेवक भाऊसाहेबांना विचारलं तर म्हणाले आहे की, रजिस्टर काढलं, सात नावं. त्याच सुमाराला राष्ट्रीय हरित लवादाने सगळ्या राज्यांना 31 जानेवारी 2020 ची मुदत दिली होती, तोपर्यंत सगळीकडे समित्या आणि लोक जैवविविधता नोंदवह्या पूर्ण करा नाहीतर महिन्याला 10 लाख दंड, त्यामुळे राज्यभर घाईघाईत समित्या झाल्या, आमची पण त्यातलीच. एक तृतीयांश महिला लागतात म्हणून नावं घातलेली आणि त्यात माझ्या चुलत सासूबाईंचं नाव. घरी येऊन त्यांना सांगितलं तर भाकरी थापता थापता थांबल्या, "मी? मी कशात हाय म्हनलीस?" समजावून सांगितलं की सड्यावरच्या झाडाझुडपांची, जनावरांची नोंद ठेवायची, राखायचं, त्याची समिती. मग म्हणाल्या, "मग हे आधी सांगाया नगं का, मला सडा सगळा म्हाईत हाय." आणि खरंच होतं ते, लग्न होऊन आल्यापासून त्या म्हशी घेऊन तिथेच जायच्या.

नोंदवही बघितली. जाडजूड, स्पायरल बाइंडिंग केलेली, बाहेरच्या कुठल्यातरी संस्थेकडून करून घेतलेली. पान उलटत गेलो तर आमच्या डोंगरावर कधी कुणी न बघितलेली झाडं त्यात आणि वायतुऱ्याचा पत्ता नाही, डबक्यांचा पण उल्लेख नाही. मला खूप वाईट वाटलं, राग पण आला, कारण ही वही म्हणजे गावाचा पुरावा असतो, उद्या कुणी विचारलं की तुमच्याकडे काय आहे तर हीच उघडून दाखवायची. पण नोंदवहीत नंतर भर घालता येते, समितीने बसून ठराव करून नवीन नोंदी जोडायच्या, आणि तेच आम्ही पहिलं काम म्हणून घेतलं. कुणी असं काही करणार असेल तर माझं मत असं की अर्ज-विनंत्या लिहायच्या आधी आपल्या गावाची नोंदवही मागवून वाचा, मागितली की दाखवतात.

नोंदीसाठी जुलैत वर गेलो. मॅडम, सासूबाई, समितीतले आणखी दोघं, आणि एक धनगर आजोबा, ज्यांना सगळे आबा म्हणतात. धुकं इतकं की चार पावलांवरचं माणूस दिसत नव्हतं पण आबा सरळ चालत जाऊन एकेका डबक्यावर उभे राहायचे. मॅडमनी ओल्या दगडावर गुडघे टेकले, तुऱ्याला हात न लावता भिंग जवळ नेलं आणि आम्हाला एकेकाला दाखवलं, नर तुऱ्यावर पुंकेसर, बारीक टोकांवर परागकोश स्पष्ट दिसतात, मादी तुऱ्यावर ते नाहीतच, नुसते फुगीर बीजांडकोश एकाला एक चिकटून. सासूबाईंनी भिंग घेतलं ते सोडेचनात. एवढी वर्षं बघितलेलं झाड आणि त्यात बाई-बाप्या आहे हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मग एकेक डबकं मोजायला लागलो तसं लक्षात आलं की वरच्या मोठ्या डबक्यात, जे गायरानात आहे, तिथे जवळजवळ सगळे नर, मादी अगदी तुरळक, आणि खालच्या बाजूला जे छोटं डबकं आहे तिथे मादी भरपूर. आणि ते खालचं डबकं खाजगी गटात.

इथे सगळा प्रस्ताव बदलला. तोपर्यंत आमचा विचार होता की गायरान ग्रामपंचायतीच्या ताब्यात आहे, तेवढंच घेऊ, सोपं पडेल. पण नुसतं वरचं डबकं राखलं आणि खालच्यात कुणी मुरूम भरला तर बी धरणार कुठून. तेव्हा खाजगी गट घ्यायचाच असं ठरलं.

त्या गटाचा सातबारा काढला तर त्यावर अजून पणजोबांचं नाव. वारस नोंद झालेलीच नाही. त्यांची मुलं-नातवंडं सगळी मुंबईला, पूर्वी माथाडीत, आता कुणी रिक्षा चालवतं कुणी कंपनीत. संमतीपत्र घ्यायचं तर ज्याची सही घ्यायची त्याचं नाव सातबाऱ्यावर पाहिजे, म्हणजे आधी वारस नोंद, मग फेरफार, मग नोटीस, हरकत, मंजुरी. एका पाणवनस्पतीसाठी मी तलाठी कार्यालयात मृत्यूचे दाखले घेऊन बसले होते. पण त्या घरच्या लोकांनी फार सहकार्य केलं, थोरले दादा गणपतीला गावी आले तेव्हा मी त्यांना सड्यावर घेऊन गेले. त्यांनी सरळ विचारलं, "वहिनी, उद्या ही जागा विकायची म्हटली तर विकता येणार का, आणि नाही आली तर सरकार पैसे देणार का?" मी जे खरं आहे ते सांगितलं, कलम 37 मध्येच लिहिलंय की वारसा स्थळामुळे ज्यांचं आर्थिक नुकसान होईल त्यांच्यासाठी राज्य सरकारने योजना करायची, पण आज तुमच्या हातात किती पडतील हे मी सांगू शकत नाही. त्यांनी घरात बोलून सगळा गट नाही दिला, डबकं आणि त्याच्या भोवतीचा उताराचा तुकडा, ज्याच्यावरनं पाणी डबक्यात येतं, तेवढ्याची संमती दिली. आम्हाला तेवढीच हवी होती.

सगळ्यात कठीण काम ग्रामसभा. आणि मला इथे लोकांची बाजू लिहायचीच आहे, कारण बाहेरून बघणारे लगेच म्हणतात गावकऱ्यांना पर्यावरणाचं काही नाही. ह्या भागातली माणसं कोयना धरणात उठली, मग 1985 ला अभयारण्य झालं, 2010 ला व्याघ्र प्रकल्प झाला, परत पुनर्वसन. पश्चिम घाटाच्या इको सेन्सिटिव्ह एरियाचे, म्हणजे पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्राचे, मसुदे 2014 पासून येतायत आणि जातायत, दर वेळी गावांच्या याद्या छापून येतात आणि लोक रात्र रात्र बसून आपलं नाव शोधतात. अशा गावात कुणी बाई उठून म्हणते सड्याला संरक्षण पाहिजे, तर पहिला प्रश्न हाच येणार की आमची गुरं कुठं जाणार. एक तरुण मुलगा तर उभा राहून म्हणाला, "आज डबकं म्हंत्यात, उद्या डोंगर, परवा गाव." त्याला मी काय उत्तर देणार, त्याच्या आजोबांबरोबर हेच झालेलं.

पहिली सभा गणपूर्तीअभावी तहकूब झाली. मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यातला जो आकडा कमी असेल तेवढी माणसं लागतात. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, त्यामुळे काहीजण म्हणाले उरकून टाका, कोण विचारतंय. सरपंचांनी नाही म्हणून सांगितलं आणि त्यांचं हे मला आजही मोठं वाटतं. मागच्या दाराने घेतलेला ठराव पहिल्या भांडणात पडला असता. मग कोविड, ग्रामसभाच बंद. त्या काळात आम्ही वाडी-वाडीवर, अंगणात, लांब लांब बसून बोललो आणि त्याचा सभेपेक्षा जास्त उपयोग झाला.

लोकांचं मन कशाने वळलं तर एका वाक्याने. राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाच्या वारसा स्थळांबद्दलच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये स्पष्ट म्हटलंय की स्थानिक लोकांच्या चालत आलेल्या वापरावर, त्यांनी स्वतःहून ठरवलेल्या गोष्टी सोडून, बंधन येणार नाही. ते वाक्य मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून मी सगळ्या वाड्यांवर वाचून दाखवलं आणि म्हटलं, मग आपणच ठरवू काय सोडायचं. आबांनी सगळ्यात आधी सांगितलं की गुरं थांबवाल तर गवत माजंल आणि डबकीच भरून जातील, आणि मॅडमनी पण दुजोरा दिला, कासच्या पठाराला घातलेलं कुंपण नंतर काढलंच की. त्यामुळे ठराव लिहिताना आधी काय चालू राहील ते लिहिलं: चराई, गुरांना पाणी पाजणं, देवाच्या वाटेने जाणं-येणं, आणि कुंपण कधीच नाही. मग काय बंद ते: डबक्यांत आणि त्यांच्या पाणलोटात खड्डे, चर, जेसीबी, मुरूम-जांभा काढणं, गाडी आत नेणं, कंद उपटणं. भाऊसाहेबांना उलटं हवं होतं, बंदी आधी, पण आम्ही ऐकलं नाही.

ठराव झाला. हात वर झाले तेव्हा तो तरुण मुलगा वर बघत नव्हता पण विरोधात हात नव्हता त्याचा.

जागेच्या पत्त्याचं काय करायचं हा प्रश्न मग आला. प्रस्तावात नकाशा लागतो, हद्द लागते, अक्षांश-रेखांश लागतात, आणि ठराव तर कुणीही मागून बघू शकतो. शेवटी असं केलं की ठरावात फक्त गट नंबर आणि क्षेत्र, आणि कुठल्या डबक्यात नर किती मादी किती याचा तक्ता वेगळ्या बंद पाकिटात, समितीच्या कपाटात, एक प्रत मॅडमकडे. प्रस्तावासोबत ते गोपनीय म्हणून जोडलं. दुर्मिळ झाडासाठी हे करणाऱ्या सगळ्यांनी हा विचार सुरुवातीलाच करावा असं मला मनापासून वाटतं, आपणच चोराला नकाशा काढून द्यायचा नाही.

मग एकदा पाहणीला अधिकारी आले ते मार्चमध्ये. सडा काळाठिक्कर, डबक्यांच्या जागी वाळलेल्या चिखलाच्या खपल्या. माणूस भला होता पण म्हणाला, "मॅडम, मी अहवालात लिहू काय, इथे तर काहीच नाही." त्यांचं तरी काय चुकलं. माझ्याकडे तारखेसह फोटो होते, त्याच दगडाचे जूनचे, जुलैचे, सप्टेंबरचे आणि मार्चचे, शेजारी शेजारी लावून दाखवले, दगडाचा आकार ओळखू येतो. मॅडमनी आठ महिने कंद जमिनीखाली असतो असं पत्र दिलं. पाहणी पावसाळ्यात परत घेतो म्हणून ते गेले आणि खरंच परत आले, रेनकोट घालून, आणि स्वतः वाकून तुरे मोजले.

आज परिस्थिती अशी आहे की नोंदवहीत वायतुऱ्याची नोंद पक्की झाली, ठराव आहे, खाजगी तुकड्याची संमती आहे, प्रस्ताव नागपूरला जैवविविधता मंडळाकडे गेलाय. राजपत्रात अजून काही आलेलं नाही. पण ठरावाचा उपयोग त्याआधीच झाला. वृक्षलागवड सड्यावरून हलवून शाळेमागच्या उतारावर नेली, तिथे मुलांनी जांभूळ आणि आवळा लावलाय, छान जगलाय. आणि नंतर पवनचक्कीच्या कामासाठी सड्यावरून रस्ता मागितला गेला तेव्हा ग्रामपंचायतीने ना हरकत देताना ठराव जोडला आणि रस्ता डबक्यांच्या पाणलोटाबाहेरून वळवून घेतला. त्या मीटिंगला बोलायला उभ्या राहिल्या त्या माझ्या सासूबाई, मला एक शब्द बोलावा लागला नाही.

आता अडलंय ते मोजणीवर. मंडळाला हद्दीचा मोजणी नकाशा पाहिजे, भूमी अभिलेखला फी भरलीय, पण मोजणीदार येणार दिवाळीनंतर, कारण पावसात त्यांची मशीन सड्यावर चालत नाही, आणि दिवाळीनंतर डबक्यांची कड दिसत नाही. म्हणून यंदा श्रावणात पाणी काठोकाठ असताना कडेकडेने खुणेचे दगड ठेवायचे ठरलंय, डबक्याबाहेर, माती न उकरता नुसते मांडून. दगड आबा दाखवणार ते, वाहून न्यायला तो ग्रामसभेतला मुलगा आणि त्याचे मित्र तयार झालेत, आणि प्रत्येक दगडाचा नंबर रजिस्टरला लिहायचं काम सासूबाईंनी स्वतःकडे घेतलंय, अक्षर माझं, सही त्यांची.